पुष्पलताच्या पोटातला जंतू अन् माह्यावरचा आळ

पहिलेच सांगून ठेवते. माह्या घरच्या पाण्यात काहीच नव्हतं. जे झालं ते पुष्पलताच्या पोटात झालं, अन् पोट तिचं आहे, माहं नाही. पण वर्ष होत आलं, नागपुरात तिच्या पाचपावलीतल्या अर्ध्या लोकाइच्या डोस्क्यात हेच बसलं आहे का शोभाताईच्या घरी जेवली अन् पुष्पलता कामातून गेली. शोभाताई म्हणजे मी. रिटायर अंगणवाडी सेविका, राहणार कळमेश्वर. तीस वर्षं मी दुसऱ्याइच्या लेकराइले साबणानं हात धुवाले शिकवलं, अन् आळ कोणावर? तं माह्यावर!

पुष्पलता माही भावजय. माह्या लहान्या भावाची, धम्मानंदची बायको. ती मटक्यावरची लांब रोटी करते. तुम्ही नागपूरचे असान तं तुम्हाले सांगाले नको. बाहेरचे असान तं ऐका. गव्हाची कणिक पाण्यानं इतकी सैल भिजवाची का ती परातीत राहालेच तयार होत नाही. मंग तिले आपटाची, अजून आपटाची, खांदे भरून येईपर्यंत आपटाची, तवा ती रबरावानी ताणाले लागते. मंग गोळा ह्या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवाचा अन् चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर फेकाचा. पुष्पलताची रोटी इतकी पातळ का पलीकडे उभं असलेलं गिऱ्हाईक तिच्यातून ओळखू येते. माह्या मायनं, जनाबाईनं, तिले हे शिकवलं, लग्न होऊन आली तवा. मले तं त्याच्याही पहिले शिकवलं होतं. पण माही रोटी मटक्यावर कमी अन् चुलीत जास्त पडे, म्हणून मी अंगणवाडीत गेली.

बुधवार, शुक्रवार अन् रविवार, म्हणजे मटणाचे वार, पुष्पलताच्या दारासमोर चूल पेटते. धरमपेठेतले मोटारवाले येतात, मोहल्ल्यातले डबे घेऊन येतात, अन् सगळ्याइच्या पहिले येते गणपतराव, रिटायर पोस्टमन, ज्याले घरी काही काम नाही. तिची रोटी खाऊन लोक म्हणते, बाई, हातात काय आहे तुमच्या? ती म्हणते, कणिक. असं तिचं बोलणं.

तं अशी बाई वाळाले लागली. पहिले ब्लाऊज ढिले झाले, मंग बांगड्या. जेवली का पोट फुगे, अन् दिवसातून पाच वेळा पळापळ. रक्त कमी, म्हणून लोखंडाच्या गोळ्या झाल्या. जंताचं औषध झालं. शेजारचीनं मिरच्या ओवाळल्या. धम्मानंदनं ओवा दिला, बडीसोप दिली, अन् माहा भाऊ असा भैताड का म्हणे, "अशक्तपणा आहे, दोन रोट्या जास्त खा." तिनं खाल्ल्या. अजून वाळली.

वर्षभरानं त्यांची पोरगी मेघा, जी धरमपेठेत हापिसात कामाले आहे, ती तिले तिथल्याच एका पोटाच्या डॉक्टरजवळ घेऊन गेली. मी पण गेली, कारण डॉक्टरसमोर पुष्पलताचं तोंड बंद पडते अन् मेघाचं मोबाइलमधून निघत नाही. रक्त तपासलं, तोंडातून नळी टाकून आतडं पाह्यलं. मंग डॉक्टरनं सांगतलं का तिले सिलिॲक नावाचा आजार आहे. गहू पोटात गेला का तिचं अंग आपल्याच आतड्याले मारते.

"यावर गोळी नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध एकच. गहू बंद. कायमचा. कणभरसुद्धा नाही."

पुष्पलता हसाले लागली. मले वाटलं हिचं डोस्कं फिरलं. मंग तिनं इचारलं, "साहेब, पाहाले चालते का?"

"बघायला चालतो."

"हात लावाले?"

"हाताला काही होत नाही. पोटात जायला नको. आणि पीठ हवेत उडतं ते नाकातोंडातून जातं, म्हणून मास्क लावा. तुमचा धंदा काय आहे?"

आम्ही सांगतलं. डॉक्टरनं पेन खाली ठेवला.

मेघानं इचारलं, "आईला अचानक कसं झालं? बावन्न वर्षं ती गहूच खाऊन राहिली." मंग त्यानं समजावून सांगतलं, अन् तिथंच माहा घात झाला.

"याची खूण रक्तात उपजतच असते," तो म्हणाला. "खूण पुष्कळांकडे असते, पण आजार थोड्यांनाच होतो. का, ते अजून पूर्ण कळलेलं नाही. एक संशय असा आहे की कधीतरी पोटाला जोराचा संसर्ग होतो, एखाद्या विषाणूचा वगैरे. त्या गडबडीत अंगाची राखण करणाऱ्या पेशी जंतूंबरोबर गव्हालाही शत्रू समजून बसतात. आतड्यात आपले रोजचे जंतूही असतात, कोट्यवधी. त्यांची घडी विस्कटली तरी असं होत असावं. सिद्ध झालंय असं नाही, अभ्यास चालू आहे."

"म्हणजे," पुष्पलता म्हणे, "पोलीस आले चोराले पकडाले, अन् घरच्या माणसाले घेऊन गेले."

"अगदी तसंच."

"मंग जामीन?"

"नाही मिळत, ताई," डॉक्टर म्हणाले, अन् मंग तो सवाल केला. "मागे कधी पोट फार बिघडलं होतं का? जुलाब, उलट्या?"

माय वं! त्या खोलीत दोन मुंडके एकदम माह्याकडे फिरले.

झालं असं होतं का त्याच्या वर्षभर पहिले कळमेश्वरले माहं नवीन घर झालं होतं. माहे मालक, म्हणजे नवरा, एमआयडीसीत कामाले होते, ते वारले, त्यांच्या पैशातून मी दोन खोल्या बांधल्या. भंतेजी आले, वंदना झाली, खीर वाटली, सत्तर माणूस जेवला. मटण, भात, मठ्ठा अन् पुष्पलताच्या तीनशे रोट्या. अन् दुसऱ्या दिवशी सत्तरातले एक्केचाळीस जुलाबानं झोपले, पुष्पलता पण. एक्केचाळीस मोजले कोणी म्हणान, तं पाहुणे मुक्कामाले होते, संडास एक होता, बाहेर रांग होती, मोजणं सोपं होतं.

घरी आल्यावर धम्मानंदनं बैठक बसवली. मी चहा पिऊन राहिली होती, अन् मेघा मोबाइलात संशयिताइची यादी करून राहिली होती. एक, शोभाआत्याचं टँकरचं पाणी. दोन, शोभाआत्याचा मठ्ठा. तीन, शोभाआत्याची टाकी, झाकण नसलेली.

"झाकण होतं!" मी ओरडली. "हवेनं उडालं होतं."

"म्हणजे नव्हतं," मेघा म्हणे.

"अवं, तुह्या बापानं बर्डीच्या बाजारात पाणीपुरी चारली होती तिले त्याच आठवड्यात, ते लिह ना! जंतूनं काय माह्या घरचं आधार कार्ड दाखवलं का?"

पाणीपुरी चार नंबरवर लिहिली. धम्मानंद तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत म्हणे, "ताई, तुले कोणी दोष देऊन राहिलं नाही वं. फक्त तुह्याच घरून झालं येवढंच म्हणून राहिलो." लहानपणी ह्याले मी कडेवर घेऊन फिरली, त्याचं हे फळ. पुष्पलता मात्र चुलीजवळ बसून खाली मान घालून ज्वारीचं पीठ मळत होती. मले तिचा लय राग आला. निदान तू तरी म्हण ना वं, का ताईचा दोष नाही!

डॉक्टरनं सहा महिने देले होते. रक्तातला एक आकडा खाली आला पायजे. नाही आला तं पिठाचं काम सोडाचं, मटका फोडाचा. हे ऐकून पुष्पलता आजारापेक्षा जास्त भेली. मले म्हणे, "ताई, गहू सोडीन मी. पण रोटी सुटली तं सकाळी उठून मी करू काय? मले दुसरं काय येते?" डोळे भरून आले तिचे. मी म्हणलं, "मंग पथ्य पाळ, रडून राहिली काहून?" असं म्हणलं, पण मी पण भेली. माह्या मायच्या हाताची रोटी आता फक्त तिच्याच हातात उरली आहे.

अन् पथ्य म्हणजे काय पाळलं त्या बाईनं! तिचे भांडे वेगळे, तवा वेगळा. ज्वारीची भाकर, भात, बस. चहातलं बिस्किट सोडलं. हिंगात गव्हाचं पीठ असते हे मेघानं वाचलं, तं हिंग सोडला. लग्नात गेली तं डबा घेऊन जाये. रोट्या करताना मास्क, तो पण दोन. गणपतरावनं इचारलं, "बाई, कोरोना परत आला का?" ती आतून काहीतरी बोले, ते कोणाले समजे नाही.

सहा महिन्यानं रिपोर्ट आला. आकडा एकशे ऐंशी होता, तो झाला एकशे सत्तर. डॉक्टर चश्मा काढून म्हणाले, "ताई, तुम्ही गहू खाताय."

"नाही खाऊन राहिली."

"कुठून तरी जातोय. आणखी तीन महिने देतो. नंतर मात्र काम बंद करावं लागेल."

घरी आल्यावर जे झालं ते पाहवत नव्हतं. धम्मानंद म्हणे चोरून खात असन. मेघानं तिच्या कपाटातले लुगडे हलवून पाह्यले, जसं काही लुगड्यात पोळ्या ठेवते ती. पुष्पलता भिंतीले टेकून बसली अन् नुसती म्हणत राहिली, "बाबासाहेबाची शपथ, एक घास नाही खाल्ला." अन् ती शपथ आमच्या घरात कोणी खोटी घेत नाही. मले माहीत होतं.

मी त्याच दिवशी ठरवलं. एक तं हे काय चालू आहे ते पाहाचं, अन् दुसरं म्हणजे माह्यावरचा आळ पुसाचा. अंगणवाडीचं जुनं कोरं रजिस्टर घेतलं, कळमेश्वरहून एसटीनं आली, अन् भावाच्या घरी मुक्काम ठोकला. दोन दिवस तिच्या ताटाकडे पाहत बसली. ताटात काहीच सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी रविवार. चुलीजवळ स्टूल टाकला अन् बसली.

पुष्पलतानं कणिक भिजवली. मीठ टाकलं. आपटली. मंग मास्क खाली केला, बोटानं इवलीशी कणिक उचलली, जिभेवर ठेवली, टकटक केलं, मास्क वर केला अन् चिमूटभर मीठ अजून टाकलं.

मी डोळे चोळले. रजिस्टरात एक रेघ ओढली. दुसरी परात आली, तसंच. तिसरी परात, दोन वेळा. संध्याकाळपर्यंत तेवीस रेघा झाल्या.

"पुष्पे!" मी स्टुलावरून उठली. "तोंडात काय गेलं आता?"

"काय गेलं?"

"आता गेलं ना वं, माह्यासमोर!"

"ते?" तिनं मले वेड्यात काढल्यावानी पाह्यलं. "ते खाणं थोडीच होय, ताई. ते मीठ पाहणं होय."

मी खालीच बसली. मीठ पाहणं! माह्या मायनं शिकवलं होतं, मीठ हातानं टाकाचं अन् जिभेनं पाहाचं. मीठ कमी पडलं तं कणिक तुटते, जास्त झालं तं मटणाची चव जाते. पस्तीस वर्षं ही बाई रोज मीठ पाहून राहिली. तिले इचारा, खाल्लं का, ती म्हणन नाही, अन् ते खरंच. कोण्या बाईनं भाजीचं मीठ पाह्यलं ते जेवण म्हणून मोजलं आहे? हिंग सोडला बाप्पा हिनं, बिस्किट सोडलं, लग्नातलं जेवण सोडलं, अन् इकडे दिवसाच्या तेवीस वेळा गहू! मी हसाले लागली ते मले थांबताच येईना. पुष्पलता पहिले चिडली, मंग तिले समजलं, मंग ती पण हसाले लागली, अन् हसता हसता रडली.

आता सवाल आला, मीठ पाहाचं कोणी? न पाहता टाकाले ती तयार नव्हती. वजन करून टाक म्हणलं तं म्हणे, पीठ रोज वेगळं असते. धम्मानंद म्हणे, मी पाहतो. पण वीस वर्षं खर्रा खाऊन त्याच्या जिभेले काही समजतच नाही. तो मिठाचा खडा खाऊन म्हणे, "थोडं कमी आहे." मेघानं मोबाइल पाहता पाहता चाखली अन् म्हणे, "नाइस." राहिली मी. माही अडचण ही का मले बीपी आहे, सात वर्षं झाले मी अळणी खाते.

पहिल्या बुधवारी मी कणिक जिभेवर ठेवली अन् ओरडली, "खारट!" पुष्पलतानं पुढच्या परातीत मीठ कमी केलं. रोट्या मटक्यावर जाईपर्यंत मधातच तुटाले लागल्या. गणपतरावनं घरी नेलेली रोटी परत आणली अन् म्हणे, "बाई, आज रोटी आजारी आहे का?" मले इतका राग आला का मी म्हणलं, "तुम्हीच आजारी आहात!" गिऱ्हाईक होतं ते, मंग माफी मांगा लागली.

दोन आठवडे भांडलो आम्ही दोघी. मंग हिशेब बसला. मी जवा "खारट" म्हणेन तवा मीठ बरोबर. मी जवा "बरोबर" म्हणेन तवा अजून चिमूटभर. अन् मी जवा थुंकून टाकीन तवाच खरं जास्त. तवापासून बुधवार, शुक्रवार, रविवार सकाळची एसटी धरून मी पाचपावलीले येते, स्टुलावर बसते अन् खारट, खारट म्हणते. येणारे-जाणारे लोक म्हणते, ही म्हातारी काहून ओरडून राहिली?

तीन महिने झाले. धरमपेठेत रिपोर्ट घ्याले आम्ही दोघीच गेलो. डॉक्टरनं कागद पाह्यला, मान वर केली, अन् पहिल्यांदा हसले. एकशे सत्तराचे साठ झाले होते. "करा रोट्या," ते म्हणाले. "मास्क ठेवा, हात धुवा, तोंडात काही नको." मी लगेच इचारलं, "साहेब, तं तो जंतू कोणता होता? कोण्या घरचा?" ते म्हणाले, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. जंतू असन, नसनही, दहा गोष्टी मिळूनही होत असन. म्हणजे माही निर्दोष सुटका नाही झाली. पण पुष्पलताचा मटका वाचला होता, तं मी म्हणलं जाऊ दे.

आम्ही ऑटोत बसलो. शंकरनगर चौक गेला, मंग पुष्पलता म्हणे, "ताई, एक सांगू? मारशील नाही ना?"

"सांग."

"तुह्या घरच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच मले जुलाब लागले होते. ताप पण होता."

"कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी?"

"हो. हात धुतले होते वं, साबणानं, तू शिकवते तसे. पण काय माहीत."

"अन् तू तशीच आली? तापात? तीनशे रोट्या केल्या?"

"कोण करन मंग? तू?" ती म्हणे. "भाऊजी गेल्यावर एकटीनं घर बांधलं तू. पहिलं जेवण तुह्या घरचं. त्याच्यात मायच्या हाताची रोटी नसली तं कसं दिसलं असतं?"

मी तिले दोन शिव्या घातल्या, मोठ्यानं. ऑटोवाल्यानं मागं वळून पाह्यलं. "अन् वर्षभर मेघाच्या यादीत माहं नाव पहिलं, तं तुले बोलता नाही आलं?" ती म्हणे, "बोलणार होती. पण मंग वाटलं, रोटीवाली जुलाब लागले असताना रोट्या करते, हे मोहल्ल्यात गेलं तं माह्या दारात कोण येईन? तू तं कळमेश्वरची. तुले इथं कोण रोट्या मांगाले येते?" अन् रडाले लागली. मी पण रडली. कॉटन मार्केट येईपर्यंत आम्ही दोघी रडून राहिलो, अन् उतरताना मी ऑटोवाल्यालेच ओरडली, काहून पाहून राहिला म्हणून.

दुसऱ्या दिवशी बुधवार. चूल पेटली, मी स्टुलावर. गणपतराव डबा घेऊन सगळ्याइच्या पहिले हजर, मागं सात-आठ लोक. रिपोर्ट चांगला आला हे त्याले समजलं होतं, पोस्टमन शेवटी. म्हणे, "बाईचं नशीब चांगलं. पण शोभाताई, ते झालं तं तुमच्याच टाकीच्या पाण्यानं ना?"

पुष्पलताचे हात थांबले. रोटी कोपरावर तशीच लटकली. दोन मास्कच्या वरून तिचे डोळे माह्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हणलं, सगळ्याइले ऐकू जाईन असं. "माह्याच टाकीचं पाणी. झाकण नव्हतं. बस झालं समाधान? आता लाइनीत उभे राहा!"

पुष्पलतानं रोटी मटक्यावर टाकली. मंग बोटभर कणिक पानावर ठेवून माह्यासमोर केली. मी जिभेवर ठेवली.

"खारट," मी म्हणलं.

ती मास्कच्या आत हसली अन् पुढचा गोळा घेतला.